पहिल्या नगाचं कुंकू

चाकणच्या एमआयडीसीत, म्हाळुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला उद्धवराव शिनगाऱ्यांची शेड आहे. तिला कुणी कारखाना म्हटलं की उद्धवराव लगेच हात जोडत, "शेड म्हना हो, कारखाने मोठ्यांचे." आणि कुणी खरोखरच शेड म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं होई. असा सगळा प्रकार होता.

केज तालुक्यातून हा गडी तरुणपणी पिंपरीत आला तेव्हा त्याच्याजवळ आयटीआयचा टर्नरचा दाखला आणि एका चुलत्याचा पत्ता एवढंच होतं. पत्ताही चुकीचा निघाला. मग दुसऱ्यांच्या लेथवर उभं राहण्यात अर्धं आयुष्य गेलं. उरलेल्यात स्वतःचा लेथ आला, शेड आली, रहाटणीत फ्लॅट आला आणि मुलगा रविराज इंजिनिअर होऊन धंद्यात उतरला. त्यानं लेथच्या शेजारी संगणकावर चालणारी मशीनं आणून बसवली. लेथच्या नुसत्या आवाजावरून उद्धवरावांना त्याचं दुखणं कळायचं. ही नवी मशीनं मात्र रविराजशी आणि ऑपरेटर कुलदीपशीच काय ते बोलायची.

पुढे हिशेब रविराजकडे गेला. माल तपासायचं काम सून विजयश्रीनं घेतलं, ती धातुशास्त्र शिकलेली आणि स्वभावानं एकदम काटेकोर. गिऱ्हाइकं फोनसुद्धा रविराजलाच करू लागली. कुणी उद्धवरावांना बाजूला सारलं नव्हतं, उलट सगळे "अप्पा, बसा, दगदग करू नका" म्हणायचे, आणि त्या बसण्याचाच त्यांना वैताग यायचा. त्यांच्या हक्काचं म्हणून एकच काम शेडमध्ये उरलं होतं, ते म्हणजे पहिल्या नगाचं कुंकू.

नवं काम आलं आणि त्याचा पहिला नग तयार झाला की सगळी मशीनं बंद व्हायची. माणसं हात पुसत गोळा व्हायची. उद्धवराव नगाला कुंकवाचं बोट लावायचे, नारळ फोडून त्याच्या पाण्याचे दोन थेंब वर शिंपडायचे आणि "चल बाबा, नाव काढ" असं त्या लोखंडाला बजावायचे. मग पेढे. नंतर नग पुसून बाकीच्या मालात जायचा. डिझेल इंजिनाचे किती तरी भाग या शेडमधून असे कपाळाला कुंकू लावून देशभर गेले होते, आणि एकाचीही तक्रार कधी त्या कुंकवामुळे आली नव्हती.

पण डिझेल इंजिनांचेच दिवस फिरले. गाड्या बॅटरीवर पळू लागल्या तशी शेडमधली एकेक ऑर्डर आटत गेली. दुसरी शिफ्ट बंद झाली. रविराज जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवू लागला, आणि सुभद्राबाई त्याला वाढताना काही बोलेनाशा झाल्या. अशात एका रात्री जेवणं चालू असताना विजयश्री म्हणाली, "अप्पा, एक काम मिळतंय. अणुभट्टीचं."

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. सुभद्राबाई तर आमटीचा डाव घेऊनच खाली बसल्या.

"बॉम्बचं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आई, विजेचं. छोटी अणुभट्टी." विजयश्री सांगू लागली. "लग्नाच्या पंगतीला आपण अंगणात चुलाण खणतो ना, मोठी अणुभट्टी म्हणजे तशी. जागेवरच बांधायची आणि वर्षानुवर्षं बांधत बसायची. ही म्हणजे घरातली शेगडी. कारखान्यात तुकड्या-तुकड्यानं बनवायची, ट्रेलरवर घालायची आणि हवी तिथं नेऊन जोडायची. एक कमी पडली तर शेजारी दुसरी."

"आन् भडकली तर?"

"लहान असल्यानं उष्णताही कमी असते. सगळं बंद पडलं तरी आपली आपण थंड व्हावी अशीच रचना करतात. त्यासाठीच तर नियम इतके कडक असतात, आई."

एक मोठी कंपनी अशा भट्टीचं नमुना मॉडेल बनवत होती आणि त्याचे भाग करून देणारे छोटे कारखाने शोधत होती. शिनगाऱ्यांच्या वाट्याला आली होती स्टेनलेसची एक जाड चकती. परातीएवढी, आणि अंगभर भोकं. वाफ तयार करणाऱ्या नळ्या या भोकांतून जाणार आणि चकती त्यांना जागेवर धरून ठेवणार. नग तपासणीत पास झाला तर पुढच्या कामाचा रस्ता उघडा. नापास झाला तर शेड पुन्हा आटणाऱ्या डिझेलच्या भरवशावर, म्हणजे फार दिवस नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्या ताटांवर बसलेल्या चौघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

बातमी रहाटणीच्या सोसायटीत पोचायला कितीसा वेळ लागणार? शेजारच्या कुसुमताईंनी लिफ्टमध्ये सुभद्राबाईंना गाठलं. "वहिनी, विचारू नये, पण रविराजचे कपडे वेगळे धुता ना?"

"अवो, चाळण हाय ती स्टीलची," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिच्यात अणू नाय का बिणू नाय. नुसती भोकं हायेत." तरी कुसुमताईंनी आठवडाभर त्यांच्याकडचं विरजण नेलं नाही.

शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. तिला क्लीन रूम म्हणायचं. आत जाताना पायात पिशव्या, डोक्याला टोपी, हातात मोजे. हे सगळं उद्धवरावांनी कौतुकानं पाहिलं. मग एक दिवस विजयश्री त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि उगाच टेबलावरची धूळ झटकू लागली. सूनबाई धूळ झटकायला लागली की पुढं काही तरी अवघड बोलणं असतं, हे सासऱ्यांना अनुभवानं माहीत होतं.

"अप्पा, या नगाला कुंकू नको."

"बरं, नुसता नारळ."

"नारळ तर मुळीच नको. त्या पाण्यात क्षार असतात. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसवर राहिलं आणि पुढं ते वर्षानुवर्षं गरम पाण्यात तापलं की डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. आणि चीर वाढत जाते."

"पुसून काढू की. आजवर पुसलंच."

"पुसून डाग जातो, अप्पा, मीठ जात नाही."

उद्धवरावांनी उजव्या हाताचं बोट धोतराला पुसलं. "म्हंजे माझं बोट चालत नाय आता."

"कुणाचंच चालत नाही. माझंही नाही. हाताच्या घामातसुद्धा मीठ असतं."

सून खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत. "बरं," ते म्हणाले. "नाय लावत. शब्द देतो." आणि शब्द दिल्यावर त्यांना आपण एकदम म्हातारे झालो असं वाटलं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. घरी जाताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये ते खिडकीबाहेरचे ट्रक मोजत बसले.

चकती मात्र देखणी झाली. कुलदीप परभणीचा, तिशीतला, एरवी बोलबोल बोलणारा. पण ती भोकं पाडताना तो इतका गप्प असायचा की लोक त्याला बरं नाही का म्हणून विचारत. सगळी भोकं मापात निघाली. विजयश्रीनं चकती क्षार काढलेल्या पाण्यानं धुतली. मग ओला कापूस तिच्यावरून फिरवून तो स्वच्छ पाण्यात पिळला आणि त्यात औषधाचा थेंब टाकला. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. पाणी काचेसारखं राहिलं. तिनं चकती क्लीन रूमच्या टेबलावर ठेवली, वर पारदर्शक प्लॅस्टिक सैल पांघरलं आणि दारावर पाटी लावली, 'कामाशिवाय आत येऊ नये'. कुलूप लावलं नाही. घरचीच तर माणसं.

तपासणी दसऱ्यानंतर होती. आधी आली खंडेनवमी. शेड धुऊन काढली होती, मशीनांना झेंडूच्या माळा होत्या, लेथपुढे रांगोळी. उद्धवरावांनी सगळ्यांची पूजा केली, अगदी पान्यांची आणि मोजमापाच्या पट्ट्यांचीसुद्धा. माणसं प्रसाद खात बाहेर उन्हात उभी राहिली. तेव्हा उद्धवराव हळूच क्लीन रूमच्या दाराशी गेले.

काचेतून चकती दिसत होती. शेडमधल्या सगळ्या वस्तूंना आज माळ होती, ती एकटीच कोरी. उद्धवरावांच्या बोटावर कुंकू होतं. एक बोट, एवढंसं. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. शब्द दिला नसता तर बरं झालं असतं असं त्यांना फार वाटलं. मग त्यांनी मूठ सोडली, बोटावरचं कुंकू स्वतःच्याच कपाळाला फासलं आणि मागं वळले. वळले तर समोर विजयश्री पेढ्यांचा खोका घेऊन उभी. तिनं सासऱ्यांचं कपाळ पाहिलं, दार पाहिलं आणि पेढा पुढं केला.

तपासणीच्या दिवशी सकाळी सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. सुभद्राबाईसुद्धा धपाट्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. पाहुणीला चाकणच्या हॉटेलातलं खाऊ घालायचं नाही, असा त्यांचा हट्ट. कंपनीच्या निरीक्षक निवेदिता कर्वे तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकून बऱ्याच उशिरा पोचल्या. चष्मा, बारीक अंगकाठी आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. त्यांनी चहासुद्धा नाकारला. "आधी काम," त्या म्हणाल्या, आणि सुभद्राबाईंनी डबा जरा मागं सरकवला.

मापं घेण्यात दुपार व्हायला आली. सगळी मापं बरोबर. रविराजचे खांदे सैल पडले, कुलदीप काचेबाहेरून अंगठा दाखवू लागला. मग निवेदिता मॅडमनी कापूस काढला. चकतीच्या चार बाजूंना चार बोळे फिरवले, चार नळ्यांतल्या पाण्यात पिळले, आणि पहिल्या नळीत थेंब टाकला.

पाणी दुधाळ झालं.

दुसरी नळीही दुधाळ. तिसरी तर ताकासारखी. चौथी जराशीच, पण ढगाळ. विजयश्रीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "हे शक्यच नाही," ती म्हणाली. "मी स्वतः धुतली होती. स्वतः तपासली होती."

"मग नंतर कुणी तरी हात लावलाय," निवेदिता म्हणाल्या. "कुणी?"

काचेच्या दाराशी सगळे जमले होते. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या उद्धवरावांकडे. विजयश्रीला खंडेनवमीचं ते कपाळ आठवलं होतं. रविराज बापाकडे बघत होता, कुलदीप बघत होता, आणि लग्नाची बायकोसुद्धा "अहो, काय केलंत हे" अशा डोळ्यांनी बघत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

उद्धवरावांना आधी संताप आला. जन्मभर मापात काम केलेला माणूस मी, शब्द मोडीन? मग त्यांनी रविराजचं तोंड पाहिलं. लहानपणी परीक्षेचा निकाल लागायचा तेव्हा व्हायचं तसंच ते तोंड झालं होतं. त्यांना वाटलं, हे असंच लोंबकळत राहिलं तर बाई म्हणेल, या शेडमध्ये कुणाचा कुणाला पत्ता नाही. त्यापेक्षा एका म्हाताऱ्याची चूक म्हणून मिटलं तर पोरांचा रस्ता मोकळा राहील. आपलं काय, आपल्याला तसंही बसाच म्हणतात.

"मी लावलं, बाई," ते म्हणाले. "जुनी सवय. ह्या पोरांची काही चूक नाय. मला उद्यापासून शेडमधी येऊ देऊ नका, पर नगाचं तेवढं बघा."

आणि मग रविराज एकदम ओरडल्यासारखा बोलला, "अप्पा, खोटं कशाला बोलता! मी लावलंय. मी!"

"तू?"

"दसऱ्याच्या दिवशी येऊन नारळाचं पाणी शिंपडलं. दोनच थेंब. तुम्ही विजूला शब्द दिला होता, तुम्ही काही तो मोडणार नाही, हे माहीत होतं मला. पण तुमच्या हाताशिवाय आपला एकही नग आजवर बाहेर गेला नाही. मला धीरच होईना. म्हणून तुमच्या नावानं मीच... पण मी पुसलं होतं!" हे शेवटचं वाक्य त्यानं बायकोकडे बघून म्हटलं, आणि बायकोच्या नजरेनं ते तिथंच थंड पडलं.

"मॅडम," मागून कुलदीपचा आवाज आला. "त्यात एक ठिकान माझं असंल. मी टोपी काढून डोकं टेकवलं व्हतं तिला. खंडेनवमीला अप्पांनी सगळ्याला हळद-कुंकू केलं, हिलाच नाय. म्हनलं, आपल्या हातची हाय, आपन तरी पाया पडावं."

निवेदिता मॅडमनी चष्मा काढला आणि पुसू लागल्या. "आणखी कुणी?"

सुभद्राबाईंनी डबा पोटाशी घट्ट धरला. "त्या ताकासारख्या नळीचं इचारताय का?" त्या हळूच म्हणाल्या. "ते माझं. नवमीला प्रसाद वाटून झाल्यावर शिरले व्हते. आपल्या कुलदेवीचं, योगेश्वरीचं कुंकू, नारळाच्या पाण्यात कालवून. यांचं आडलेलं काम, म्हनलं आपन करावं. नवऱ्याचं तोंड आठ दिस सुकलेलं बघवत न्हवतं. पदरानं चांगलं खसाखसा पुसलं व्हतं की वो."

तीन बाजूंचा उलगडा झाला. उरली चौथी, ढगाळ नळी. आता पुन्हा तिघांनी उद्धवरावांकडे पाहिलं. ज्याला त्याला आपलं बोट माहीत होतं, तेव्हा उरलेलं अप्पांचं, असा तिघांचा सरळ हिशेब.

"मी खरंच नाय लावलं," उद्धवराव आता कळवळून म्हणाले. "मगाशी बोललो ते खोटं व्हतं. मी दारातून माघारी फिरलो, योगेश्वरीची शपथ!"

"अप्पा खरं बोलताहेत," विजयश्री म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "चौथं माझं."

रविराजनं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकदा शेवटचं बघायला आत गेले. दिव्याचा उजेड पडला होता तिच्यावर. इतकी सुंदर दिसत होती की... मी प्लॅस्टिक बाजूला केलं, मोजा काढला आणि तळहात टेकवला. नुसता टेकवला. नमस्कारच म्हणा. नंतर ओढणीनं पुसलं." आणि मग, आपल्याच बोलण्याची लाज वाटून, ती म्हणाली, "पुसून मीठ जात नाही हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं."

निवेदिता मॅडम एकदम पाठमोऱ्या झाल्या आणि भिंतीवरचा आग विझवायचं नळकांडं बारकाईनं बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. रविराजला वाटलं, बाई रागानं थरथरतायत. मग एक विचित्र आवाज आला आणि कळलं की बाई हसतायत. त्यांनी खूप आवरून पाहिलं, पण "खसाखसा पुसलं" एवढं पुटपुटून त्या पुन्हा फुटल्या. आधी कुलदीप हसला, मग सुभद्राबाई, मग सगळी शेड. उद्धवराव मात्र हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपू लागले. आपण या शेडमध्ये उरलोच नाही असं जो माणूस इतके दिवस मनात घोकत होता, त्याचंच राहिलेलं काम चार माणसांनी आपापल्या परीनं चोरून केलं होतं. असा आनंद त्यांना स्वतःचा पहिला लेथ आला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

"चला," डोळे पुसून निवेदिता पुन्हा कडक झाल्या. "नग वाया गेलेला नाही. अजून तो तापलेला नाही, कुठं जोडलेला नाही. माझ्यासमोर पुन्हा धुवा, मी पुन्हा तपासते. आणि जे झालं ते सगळं मी अहवालात लिहिणार. एकही शब्द गाळणार नाही."

"कुंकवाचंसुद्धा?" रविराजनं विचारलं.

"कुंकवाचं तर आधी. आमच्या कामात चूक झाली तर दुरुस्त करता येते. झाकली तर नाही." मग उद्धवरावांकडे वळून, "आणि काका, तुम्ही न केलेली चूक कबूल केलीत. तेही परत करायचं नाही. त्यानंही माझा अहवाल चुकतोच."

"चुकलं, बाई," उद्धवराव म्हणाले.

चकती धुऊन वाळेपर्यंत धपाटे निघाले. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. बाईंनी पहिलं धपाटं नको नको म्हणत घेतलं आणि तिसरं मागून घेतलं. हात धुताना उद्धवरावांनी मनातला प्रश्न विचारला. "बाई, खरं सांगा. ह्या छोट्या भट्ट्या व्हनार का? का नुसतं वारं हाय?"

निवेदितांनी रुमालाला हात पुसले. "कागदावर पुष्कळ आहेत, काका. खरोखर चालू झालेल्या जगात बोटावर मोजाव्यात इतक्याच. परवानग्या आहेत, कचऱ्याचा प्रश्न आहे, लोकांची भीती आहे. आणि खर्च. पहिली भट्टी फार महाग पडते. एकसारख्या भराभर निघू लागल्या तरच स्वस्त होतील. तोपर्यंत दम कुणाकडे आहे, यावर सगळं."

"मंग व्हईल," उद्धवराव म्हणाले.

"इतकी खात्री?"

"खात्री कशाची. पर पहिला नग म्हागच असतो बाई, कशाचाबी असो. माझा पहिला नग बिघडला, त्यात पुऱ्या आठवड्याची मजुरी गेली व्हती. त्या दिवशी मालकानं मला काढलं असतं तर ही शेड नसती." त्यांनी नळ बंद केला. "मी बघीन का नाय ते सांगता येत नाय. पर कुठंतरी दिवा लागंल, आन् त्यातलं एक भोक चाकनचं असंल. लै झालं की."

दुपारनंतर पुन्हा चार बोळे, चार नळ्या. थेंब पडला. पाणी काचेसारखं. पुढच्या तिन्ही नळ्यांतही काचेसारखं. कुलदीपनं शीळ घातली, आणि विजयश्रीनं त्याला दटावायचं सोडून चक्क टाळी दिली. निर्णय मात्र वरून येणार होता. बाई गेल्या, आणि शिनगाऱ्यांच्या घरात दिवाळीचे दिवस जवळ येत असूनही चकलीच्या पिठाला कुणी हात लावेना.

धनत्रयोदशीच्या सकाळी मेल आली. रविराजनं ती उभ्यानं वाचली, बसून वाचली, मग मोठ्यानं वाचली. नग पास. पुढच्या चकत्यांचं काम शिनगाऱ्यांना. सुभद्राबाईंनी त्याच्या तोंडात साखर कोंबली, त्यामुळे पुढचं वाक्य त्याला नीट वाचता येईना.

"अट आहे एक," तो साखर गिळून म्हणाला. "क्लीन रूमला एक जबाबदार माणूस नेमायचा. त्याच्या परवानगीशिवाय आत कुणी जायचं नाही. मालकसुद्धा. आणि बाईंनी खाली स्वतः लिहिलंय, 'नेमणूक करताना मागचा अनुभव लक्षात घ्यावा.'"

कुणी काही सुचवायच्या आत विजयश्री म्हणाली, "उमेदवार एकच आहे. पाच जणांत नियम एकट्यानंच पाळला."

उद्धवराव इकडंतिकडं बघू लागले. "मी? अगं, मला ते औषधाचे थेंब, ते इंग्रजी काही येत नाय."

"थेंब मी बघते. तुम्हाला फक्त नाही म्हणता यायला हवं, अप्पा. ते आम्हाला कुणालाच जमलेलं नाही."

दिवाळीनंतर स्टेनलेसचा माल आला आणि नव्या चकत्यांचं काम सुरू झालं. उद्धवराव शर्टाच्या खिशाला ओळखपत्र लावून क्लीन रूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. पहिल्याच सकाळी सुभद्राबाई आल्या, पदराखाली काही तरी गोल झाकून. "अंगनात," उद्धवराव म्हणाले, "तिकडं अंगनात फोडायचा, मी आलोच." त्या पुटपुटत वळल्या. मग रविराज घाईघाईनं आला.

"हात दाखव."

"अप्पा, मी मालक आहे."

"असशील. हात."

रविराजनं हात दाखवले. ते बघून बापानं त्याला साबणाकडे परत पाठवलं. मग विजयश्री आली. तिला काही सांगावं लागलं नाही; तिनं आपणहून दोन्ही तळवे उघडून सासऱ्यापुढं धरले. उद्धवरावांनी चष्मा नाकावर सरकवला, ते तळवे उजेडाकडे वळवून अगदी निवांत, एकेक रेघ बघितली, मोज्यांची जोडी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जा, पोरी."